मास्तरांचं क्लॅरनेट

"ये आनंदा, चप्पल काढ आणि आत ये. आवाज करू नको. मास्तर वाजवाय लागल्यात," आक्का म्हणाल्या.

मी एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली. कारण खरंच वाजवत होते. आतल्या खोलीतनं क्लॅरनेटवर भैरवी येत होती आणि ती फुंक दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. गणपत मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना खांदा देणाऱ्यांत मी पुढं होतो.

आत गेलो. कॉटवर मास्तरांची आणि आक्कांची नात प्रणाली मांडी घालून बसली होती. पुढ्यात लॅपटॉप, त्याच्यापुढं हातभर लांबीचा कीबोर्ड, भिंतीला टेकवलेले दोन काळे स्पीकर. पोरगी पट्ट्या दाबत होती आणि स्पीकरमधनं तिचा आजोबा वाजवत होता.

आणि खाली, तिच्या पायाशी, जालिंदर आवळे बसला होता. डोळे पुसत.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मास्तर परत आले, हे नाही. हा माझ्या आधी इथं कसा येऊन बसला, हे.

आमचा तासगावचा नवजीवन ब्रास बँड. गणपत मास्तर वायदंडे त्याच्या पुढं चालायचे, क्लॅरनेट घेऊन, आणि मागनं आम्ही वीस-बावीस जण. शिकवलं त्यांनी पुष्कळांना, पण क्लॅरनेटचे शिष्य म्हणावे असे दोघंच. मी आनंदा लोखंडे, पहिला. आणि हा जालिंदर, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेला. मास्तरांचा मुलगा एसटीत कंडक्टर. त्यानं बिगुलसुद्धा कधी तोंडाला लावला नाही.

आमच्यात एक रीत आहे. मास्तर गेला की त्याचं वाद्य वर्षभर कुणी फुंकायचं नाही. वर्षश्राद्धाला, चार बँडवाल्यांच्या देखत, ते शिष्याला द्यायचं. मुलाला नाही, शिष्याला. ज्याला ते मिळालं तो पुढं चालतो, बाकीचे त्याच्या मागं. मास्तरांचं क्लॅरनेट आक्कांच्या काचेच्या कपाटात होतं, मखमलीवर ठेवलेलं. वर्षभर मी त्या घरी काही ना काही निमित्त काढून जात होतो, आणि प्रत्येक वेळी आधी त्या कपाटाकडं बघत होतो.

"काका, बसा ना," प्रणाली म्हणाली. पुण्याला एका संगीताचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. "घाबरू नका. ही टेप नाहीये."

"मग काय हाय?"

"न्यूरल नेटवर्क म्हणतात याला. आजोबांच्या कॅसेटी ऐकवून ऐकवून शिकवलंय. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी हो, वर्षभर गोळा करत होते. पाठवणीच्या भैरवीला आजोबा एकटेच वाजवायचे, ढोल-ताशा बंद असायचा, म्हणून तेवढंच स्वच्छ मिळालं. आता आवाज हे स्वतः तयार करतं. सूर मी दाबते, फुंक आजोबांची येते."

"ऐका दादा, ऐका," जालिंदर म्हणाला, "ती ओढसुदीक बरोबर येतीया."

बोंबला! नेमकं तेच काढलं त्यानं.

ती ओढ म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यापायी करपलं. पाठवणीला नवरी गाडीत बसली की मास्तर भैरवी लावायचे. वर चढत चढत पंचमावर जायचे, तिथं थांबायचे आणि खाली उतरताना मधेच सूर तोडायचे. हुंदका आल्यासारखा. एक क्षण काहीच नाही. मग अर्ध्यातनं पुन्हा उचलून खाली आणायचे. नवरीची आई तोवर तग धरून असली तर तिथं हमखास कोसळायची. आसपासच्या गावांतनं लोक त्या ओढीसाठी मास्तरांना सुपारी द्यायचे.

ही ओढ मास्तरांनी काढली ती माझं लग्न झालं त्या सुमाराला. मी लग्नाच्या सुट्टीवर होतो. पूजा, गोंधळ, देवदर्शन उरकून आठवड्यानं परत आलो, तर मास्तर भैरवीत ते नवीन वाजवत होते. आणि जालिंदर, सहा महिन्यांचं नवखं पोर, तेही ते वाजवत होतं! मास्तरांना म्हणालो, "मलाबी शिकवा की." तर म्हणाले, "तुझं हाय तेच वाजव. तुझं चांगलं हाय." झालं. त्या दिवसापासनं माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. मी पाठ वळवायचा अवकाश, मास्तरांनी आपलं खास ते त्याच्या पदरात टाकलं. मी घरी दार लावून ती ओढ घोटली, ओठ फुटेपर्यंत घोटली. जमली नाही. माझी बायको रंजना म्हणायची, "किती जळताय! जळून जळून कोळसा व्हाल एक दिवस." मी म्हणायचो, होऊ दे.

तर त्या दिवशी आक्का चहा घेऊन आल्या आणि सरळ विषयाला हात घातला.

"वर्षश्राद्ध जवळ आलं. मला आता ठरवलं पायजे. दोघंबी मला पोटच्या पोरावानी. कुणाला दिऊ?"

जालिंदर म्हणाला, "आक्का, दादा थोरलं हाईत. त्यास्नीच द्या."

बघा! असा गोड. असा गोड की माणसाला थोबाडीत मारावीशी वाटावी. तो तसं बोलला की देणाऱ्याचं मनही त्याच्याकडंच झुकतं, हे मला माहीत नव्हतं होय?

"थोरलेपणावर वाद्य देत न्हाईत," मी म्हणालो. "जो मास्तरांच्या जवळ हाय, त्याला देत्यात."

"मग ह्यालाच इचारू की," आक्का लॅपटॉपकडं बोट करून म्हणाल्या. "ह्येनं मास्तरांशिवाय दुसरं कायबी ऐकलेलं न्हाई. ह्येला कळंल कोण जवळचा."

"आजी, काहीतरीच काय! हे वाद्य आहे, न्यायाधीश नाही," प्रणाली म्हणाली.

"पण कळतंय का न्हाई त्याला?"

प्रणाली अडखळली. खोटं बोलणारी पोर नव्हती ती. "कळतं म्हणजे... तुम्ही वाजवलेलं याला दिलं तर हे ते आजोबांसारखं करून परत देतं. जे मुळात आजोबांसारखंच आहे ते तसंच राहतं. जे नाही ते याला बदलावं लागतं. किती बदलावं लागलं ते मोजता येतं, एवढंच."

"मग मोज," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं आपापलं क्लॅरनेट घेऊन आलो. रीडची पत्ती तोंडात भिजवत बसलो, शेजारी शेजारी. प्रणालीनं माईक लावला. पडद्यावर एक निळी पट्टी येणार होती. जेवढी लांब, तेवढा माणूस मास्तरांपासनं लांब.

मी आधी वाजवलं. चांगलं वाजवलं. पंचमावर गेलो, ती ओढ घ्यायचा प्रयत्न केला, सूर तुटायच्या ऐवजी फाटला. पट्टी पडद्याच्या निम्म्यावर गेली.

मग जालिंदर. डोळे मिटून, मान जराशी डावीकडं, मास्तरांसारखीच. ओढीला आला तेव्हा आक्कांनी पदर तोंडाला लावला. पट्टी बोटभर आली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही नक्कल हाय!" मी ओरडलो. "मास्तरांनी एकांतात बसवून शिकवलं आणि ह्येनं गिरवलं. त्यात काय मोठं?"

"दादा, मला कुणी एकांतात..."

"तू गप! प्रणाली, ह्या कॅसेटी कवाच्या हाईत?"

तिनं बघितलं. "बऱ्याचशा नंतरच्या आहेत काका. व्हिडिओ शूटिंग सर्रास व्हायला लागलं त्यानंतरच्या."

"म्हणजे हा आल्यानंतरच्या! बघा आक्का, यंत्राला ह्याच्याच काळातलं मास्तर ठावं हाईत. मास्तरांचं भरीचं दिवस ह्याच्या आधीचं. तवा मी एकटा हुतो त्येंच्या शेजारी. जुन्या कॅसेटी न्हाईत का? टेपरेकॉर्डरवरच्या?"

"आहेत. पण त्या कमी आहेत म्हणून सगळ्या एकत्र केल्या होत्या."

"वेगळ्या कर. नुसत्या जुन्यांवर शिकव त्याला. मग मोज."

"काका, तेही आजोबाच, हेही आजोबाच. कशाला..."

"शिकव म्हणतोय न्हवं!"

मग आक्काच म्हणाल्या, "शिकव बाई. ह्येच्या मनात राहायला नगं."

यंत्राला शिकायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी नीट जेवलो नाही. रंजनानं ताट पुढं ढकललं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाची परीक्षा घेताय का स्वतःची?" मी तिच्यावर खेकसलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, तेच चौघं. या वेळी मी ओढीच्या वाटेलाच गेलो नाही. सरळ वाजवलं, मास्तरांनी मला पहिल्यांदा शिकवलं होतं तसं. पंचमावर भरपूर दम घेऊन एका फुंकेत खाली, गुळगुळीत.

पट्टी आलीच नाही.

"बिघडलं का काय?" मी विचारलं.

प्रणाली पडद्याच्या जवळ गेली, वाकून बघितलं. "नाही. आहे. इतकी बारीक आहे की दिसत नाही."

जालिंदरनं वाजवलं, ओढीसकट. पट्टी पडद्याच्या पार टोकाला गेली. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो.

"बघा! बघा आक्का! हे खरं मास्तर! आता बोला!"

प्रणालीनं जालिंदरचं वाजवणं जुन्या मास्तरांकडनं परत वाजवून घेतलं. सगळं तेच, पण ओढीच्या जागी यंत्र सरळ खाली आलं. जणू तिथं काही नव्हतंच.

"याला ती ओढ माहीतच नाही," ती हळूच म्हणाली. "मधे कधीतरी आजोबा बदललेत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भैरवी बदलली त्यांनी. कुणाकडनं शिकले?"

"कुणाकडनं म्हंजे?" मी हसलो. "मास्तर कुणाकडनं शिकणार? त्येंनी काढली आणि ह्येला दिली."

जालिंदरनं क्लॅरनेट मांडीवर आडवं ठेवलं. मान वर केली नाही.

"मला कुणी दिली न्हाई, दादा," तो म्हणाला. "तुमच्या लग्नात मास्तरांची दाढ सुजली हुती, आठवतंय? तोंड उघडत न्हवतं. तुमी तर नवरदेव. मग पाठवणीला मला उभं केलं. माझ्या छातीत दम कुठला तवा? पंचमावर गेलो आणि खाली येताना फुंक संपली. तुटलं मधीच. दम घेतला आणि राहिलेलं उरकलं. लाजंनं मेलो. म्हटलं, आता मास्तर बँडातनं काढत्यात."

"मग?" आक्कांनी विचारलं.

"कायबी बोललं न्हाईत. दोन दिवसांनी दुसरं लगीन हुतं. मास्तरांनी सोता वाजवलं आणि त्या ठिकाणी मुद्दाम तोडलं. माझ्यावानी. मला वाटलं, मला सांभाळून घेतलं. लोकांस्नी वाटावं की भैरवीच तशी हाय. म्हणून मीबी तसंच वाजवत गेलो. पुढं दम आला, तरीबी त्येंनी सोडलं न्हाई. मग मीबी सोडलं न्हाई."

माझ्या लग्नात! मी गाडीत बसलो होतो, डोक्याला बाशिंग, शेजारी रंजना रडत होती, आणि माझं लक्ष हारातल्या टोचणाऱ्या तारेकडं होतं. मी ऐकलंच नव्हतं.

आक्का पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "त्या दिवसांत ह्ये रातच्याला परसात बसून एकच एक वाजवायचं. मी म्हटलं, काय घोटताय ह्या वयात? तर म्हणलं, शिकतोय. मला वाटलं, चेष्टा करत्यात."

मी खाली बसलो. इतकी वर्षं ज्याच्यापायी जळलो ते त्याला कुणी दिलंच नव्हतं. त्याचंच होतं ते. त्याच्या अपुऱ्या दमातनं आलेलं. आणि ते मास्तरांनी त्याच्याकडनं घेतलं होतं, तोंडानं मागून नव्हे, गुपचूप, परसात बसून. माझी एक फुंक चुकली की मास्तर काठी उगारायचे. त्याची चुकली तर आपली भैरवी मोडून त्याच्यासारखी केली!

पण विचारल्याशिवाय राहवेना.

"प्रणाली, माझं बघ की. माझं काय घेतलंय का मास्तरांनी? मी त्येंच्या शेजारी आधीपासनं हुतो. कुठंतरी असंलच. एखादी जागा, एखादी हरकत. जुन्यात नसंल आणि नव्यात असंल, माझ्यावानी. तुझं यंत्र सांगंल."

तिनं बघितलं. मनापासनं बघितलं पोरीनं. माझं वाजवणं जुन्यातनं काढलं, नव्यातनं काढलं, पुन्हा जुन्यातनं काढलं. जालिंदर पाणी घेऊन आला, मी घेतलं नाही. शेवटी तिनं हेडफोन काढून ठेवले.

"काका, तुमचं वाजवणं जुन्या आजोबांत घातलं की जसंच्या तसं बाहेर येतं. काहीच बदलत नाही. त्यामुळं... तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं, ते यातनं वेगळं निघत नाही."

किती जपून बोलली. पण मला कळायचं ते कळलं. दोन-तीन दिवसांपूर्वी याच खोलीत मी "नक्कल" म्हणून ओरडलो होतो.

आक्का उठल्या. कपाट उघडलं. मखमलीवरनं क्लॅरनेट उचललं आणि चालत माझ्याकडं आल्या.

"आनंदा, घे. श्राद्धाला सगळ्यांदेखत देते, पण ठरलं ते आत्ता ठरलं. ह्ये शिष्याला द्यायचं असतंय. शिष्य तू हाईस. मास्तरांनी दिलं ते सगळं तू घेतलंस, तसूभर इकडं तिकडं केलं न्हाईस. ह्येला कसं दिऊ?" त्या जालिंदरकडं वळल्या. "ह्येच्याकडनं तर मास्तरच शिकलं."

जालिंदरनं आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू क्लॅरनेट त्यालाच मिळालं. मी वाद्य हातात घेतलं. जड होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि माझ्या हातात काहीच आलं नव्हतं.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. बँडच्या पुढं मी चालतो. जालिंदर माझ्या मागं, डाव्या अंगाला. प्रणालीचं ते सॉफ्टवेअर म्हणे कुठं कुठं वापरतात, जाहिरातींत, मालिकांत. त्यात ओढीचे मास्तर ठेवलेत तिनं. जुने ठेवले नाहीत. त्यांना कुणी मागत नाही, असं ती म्हणाली.

त्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मात्र मी ठरवून गेलो होतो. ओढ घ्यायचीच. मास्तरांचं क्लॅरनेट, मास्तरांचं अंगण, चार बँडवाले बसलेले. जेवणाच्या पंगतीनंतर वाजवायला उभा राहिलो. पंचमावर गेलो. सगळ्यांच्या माना वर झाल्या, सगळे त्या हुंदक्याची वाट बघत होते. मी पण बघत होतो. आणि काय करू हो, मला दम पुरला. एका फुंकेत सरळ खाली आलो, गुळगुळीत, जराही न तुटता.

लोकांनी वाहवा केली. जालिंदर जवळ आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"दादा, लई झ्याक वाजवलासा. डोळं मिटलं तर मास्तरच."

"कुठल्या सालचं?" मी विचारलं.

त्याला बरोबर कळलं. खाली वाकून अंगणातल्या पत्रावळ्या गोळा करायला लागला.